मादामचा वाटा

—नाही गं, 'नाचणारी' नको, खोड ते. गाणारी लिही. सुरुची, तुला फ्रेंच येतं म्हणून तर बोलावलं, नाहीतर मी कसलं उत्तर देणार त्या पोरीला! तिच्या आईचं नाव त्यांच्या भाषेत नीट लिही—ओदिल. मी आपली मादाम म्हणायचे. आमच्या वरच्या मजल्यावर दीड वर्ष राहिली. नवरा जुबैलला, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात. लढाई लागली आणि तिकडेच अडकला. लेक पहिल्या लग्नाची, सावत्र बापाशी बोलत नाही—म्हणून पत्र मला. आईच्या पत्रांत म्हणे नेहमी माझं नाव असायचं. काय विचारलंय तिनं? वाच बरं परत… 'शेवटी आई एकटी होती का?' हं. ते शेवटी लिहू. आधी बाकीचं घे.

लिही की, तुझी आई मला सगळं सांगायची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून जमलं आमचं. मार्सेच्या बंदरावर तिची आई लोकांचे कपडे धुवायची, आणि ही सतराव्या वर्षी तळघरातल्या खानावळीत गायला उभी राहिली—लोक जेवतायत, पितायत, पत्ते कुटतायत, आणि ही मधोमध काळे हातमोजे घालून. हातमोजे का, ठाऊक आहे? आईबरोबर धुणं धुवून हात फुटलेले, ते दिसू नयेत म्हणून! आणि पुढे पॅरिसला त्याच हातमोज्यांचं नाव झालं, बायका दुकानात तसेच मागायला लागल्या. मग सिनेमे. अकरा. त्यातल्या नवांत ती मरते—कधी नदीत, कधी गोळी लागून, कधी खोकून खोकून. 'वीना, मला मरायचा फार सराव आहे,' म्हणायची आणि हसायची. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज निम्मा राहिला, बोलावणी थांबली. या इंजिनिअरशी लग्न केलं आणि आली कुठे, तर रियाधला—ना थिएटर, ना गाणं. माझे देव कपाटात, तिचं गाणं घशात. दोघी सारख्याच म्हणायच्या.

पहिल्यांदा मी तिचा कप वेगळा ठेवला होता—हे नको लिहूस. मांसमच्छी खाते, दारू पिते, व्यसनं, कुठल्या कुठल्या पुरुषांसमोर गायलेली… मनात यायचंच की. तिला कळलं असणार. पण ती तोच कप मागायची, 'माझा कप' म्हणून, अगदी लाडानं. मग माझी मलाच लाज वाटली. लिहिलंस? अगं, नको म्हटलं ना! …बरं, राहू दे.

ऑक्टोबरअखेर मी सोळा सोमवार धरले. कुवेतवर इराकी चालून आले ना, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. चुरम्याचे तीन वाटे करायचे—एक देवाचा, एक घरचा, एक देऊन टाकायचा. इथे द्यायचा कुणाला? देऊळ नाही, गुरुजी नाहीत. मी मादामला दिला. दर सोमवारी संध्याकाळी दारावर तिची टकटक—दोन आणि मग एक, तिच्या कुठल्याशा गाण्याचा ठेका. गूळ-तूप बोटानं निपटून खायची. क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा भोंगा झाला की खालीच यायची, आमच्या चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत. गॅसचा मास्क घातला की माझी अवंती रडायची, मग मादाम तिला मांडीवर घेऊन अगदी बारीक आवाजात गायची. तो निम्मा आवाजही असा होता गं, की पोर शांत झोपायची. त्याआधीच, सहाव्या सोमवारपासून, संकल्पात मी तिचंही नाव घ्यायला लागले. परक्या धर्माची चालते का, कुणाला विचारणार? घेतलं.

त्या दिवशी… सोळावा सोमवार होता. हे लिही—भोंगा झाला, खोली बंद होती, दाराला चिकटपट्टी लावलेली, गॅसच्या भीतीनं उघडता येत नव्हतं. सगळ्यांना तसंच सांगितलेलं रेडिओवर. हे ह्यांना विचार, सदानंद सांगतील. ते—नाही, ते हॉस्पिटलात होते ड्यूटीवर. अवंती आणि मीच.

काय बघतेस? लिही ना.

पट्टी लावली नव्हती, सुरुची.

पोथी चालू होती. चार पानं राहिलेली. पोथी मिटेपर्यंत आसन सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही—पंधरा सोमवार मी पाळलं होतं. टकटक ऐकली. दोन आणि एक. अवंती म्हणाली, 'आई, मादाम आयी है, open it,' आणि उठायला लागली—मी तिचा हात धरून खाली बसवलं. जोरात. मला वाटलं, संकल्पात तिचं नाव आहे, मी मध्ये उठले तर व्रत मोडेल, आणि मोडलं तर तिच्यावरच बेतेल. खरंच गं, तिच्यासाठीच उठले नाही. टकटक पुन्हा झाली. मग ती बाहेर गायला लागली, अवंतीसाठी असेल. मला बरंच वाटलं, म्हटलं मजेत आहे. पोथी वाचत गेले. तिसऱ्या पानावर गाणं थांबलं. मी चौथं वाचलं.

जिन्यावर बसली होती, भिंतीला टेकून. मास्क मांडीवर. नंतर डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, वेळेवर पाणी, गोळी, कुणी पाठ चोळली असती तर—कोण जाणे, असंही म्हणाले. सदानंद म्हणतात तुझा दोष नाही. देव काय म्हणतो ते अजून कळलं नाही. उद्यापन राहिलंय. तिचा वाटा डब्यात आहे, फ्रिजमध्ये. टाकवत नाही.

आता त्या प्रश्नाचं लिही. सोपं लिही, पोरीला कळेल असं. 'दारापलीकडे मी होते. तुझी आई गात होती. मी ऐकलं, उघडलं नाही.' आणि कपाचंही राहू दे. ती पत्र फाडेल माझं, फाडू दे. पण एखादं उत्तर आलं तर… तर बघू.

लिहिलंस? नको, वाचून दाखवू नकोस. घडी घाल आणि जा तू आता, तुझा सुबोध कधीचा खाली गाडीत थांबलाय. दार नुसतं लोटून घे गं. कडी नको.