हिवाईची शाल

धाकटी : नाही म्हणजे नाही. शहरात रफू करणारे काय कमी आहेत? त्यांच्याकडे जा.

हिवाई : जाऊन आले. त्यांच्या हातांना ही शाल लागत नाही, नुसता गारवा लागतो. तुझ्या हाताला लागली होती.

धाकटी : लागली म्हणूनच ओढली! माझ्या ताईच्या अंगावर घालायला निघाली होतीस तू. मी काय बघत बसणार होते?

हिवाई : आणि ती फाटली.

धाकटी : फाटली नाही, फाडली. मी फाडली. पुन्हा घेऊन आलीस तर पुन्हा फाडीन.

थोरली : चिमणे, दारात कोण आहे गं?

धाकटी : कुणी नाही ताई. तू पडून राहा.

थोरली : मी अंथरुणाला खिळले आहे, माझे कान नव्हेत. आत या बाई. हिवाईच ना तुम्ही?

हिवाई : हो. थंडीची देवी, आणि जे जे संपतं त्याची.

थोरली : वाटलंच मला. तुम्ही पायरीवर आलात आणि काचेवर पांढरी नक्षी उमटली. चिमणे, कापडाचे गठ्ठे सार आणि त्यांना स्टूल दे. आणि हे काय बोलणं तुझं, ‘जा’ काय, ‘आलीस तर’ काय?

धाकटी : देवांना अगंतुगंच करतात.

थोरली : देवळात करतात. दुकानात काम घेऊन येतं ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला या घरात अहोजाहो करतात. मी अजून आहे तोवर तरी करतात.

धाकटी : तू ‘अजून’ म्हणू नकोस.

थोरली : बरं. दाखवा बाई, कुठे गेली आहे शाल?

हिवाई : इथे, मधोमध. मी कुणावरही पांघरायला गेले की श्वास या भोकातून निसटतो आणि माघारी जातो. म्हणून आता काहीच संपत नाही. खिडकीत पाहा. ही संध्याकाळ केव्हाची तशीच उभी आहे. बर्फ वर दाटलाय, पण पहिला कण सुटत नाही.

धाकटी : मग चांगलंच आहे की! कुणी मरत नाही, कुणी रडत नाही.

थोरली : जे आधीपासून रडताहेत, त्यांचं रडणंही थांबत नाही. वरच्या मजल्यावरचं भांडण ऐकलंस का? एरवी चहा उकळेपर्यंत मिटायचं. आता दोघांचेही आवाज बसले, तरी तोंडं मिटेनात. कोपऱ्यावरचा बासरीवाला त्याच त्या सुराभोवती फिरतोय, बिचाऱ्याला थांबायची जागा सापडत नाही. आणि माझा श्वास उंबऱ्यापर्यंत जातो नि परत येतो, चप्पल विसरलेल्या माणसासारखा. दर खेपेला काट्यांवरून येतो, चिमणे. तुला दिसत नाही असं समजू नकोस. तू मान वळवतेस, ते मी पाहते.

धाकटी : मी औषध वाढवून आणते.

थोरली : औषध नको. काम हातात घे.

धाकटी : नाही घेणार.

थोरली : आईच्या वेळेपासून या टेबलावरून फाटकं कापड कधी परत गेलं आहे का?

धाकटी : या कापडाला काठच नाही, ताई! रफूचा धागा त्याच कापडाच्या काठातून काढायचा, हे तूच शिकवलंस. याला चारी बाजूंनी काठ नाही, दुमड नाही. धागा कुठून काढू? झालं. विषय संपला.

हिवाई : विषय संपू शकत नाही.

धाकटी : तुम्ही गप्प बसा.

थोरली : माझी वेणी सोड. पांढऱ्याला पांढरं. आज सकाळी तूच विंचरलीस, गुंता नाही.

धाकटी : तुझे केस?

थोरली : डोक्यावर ठेवून आता काय करायचे आहेत? आईने एका वकिलाच्या कोटाला स्वतःच्या केसांनी रफू केलं होतं. तो शेवटपर्यंत भोक शोधत राहिला. घे. हळू ओढ, दुखतं.

*(धाकटी खिडकीपाशी बसते. शाल लाकडी चौकटीवर ताणते.)*

हिवाई : हे असं सुरू होतं?

थोरली : काय?

हिवाई : काम. मी सुरुवात कधी पाहिलेली नाही. गाण्याची मला शेवटची ओळ तेवढी ठाऊक असते. घर मी पाहते ते रिकामं होताना. माणसं मला भेटतात ती बोलून झाल्यावर. तुमची ही बहीण सुरुवातीला कशी होती?

थोरली : हट्टी. आई गेली तेव्हा ही माझ्या कमरेएवढी होती. मी हिला टेबलाखाली बसवायची, हातात चिंधी आणि सुई देऊन. एकदा हिने काय करावं? एक जाडजूड बाई कोट घालून उभ्या होत्या, हिने स्वतःच्या झग्याची कड त्या कोटाला शिवून टाकली. बाई निघाल्या आणि ही त्यांच्यामागे फरफटत थेट रस्त्यावर! रडली मात्र नाही. मला ओरडून सांगते, “ताई, टाका बघ, सुटत नाही!”

हिवाई : ही ओळ मला आवडली.

धाकटी : तिला सांगू नकोस ना गं असलं काही.

थोरली : का नको? त्यांना ऐकू दे. त्यांच्या वाट्याला सगळं उरलंसुरलंच येतं. मला तर त्यांची दयाच येते.

धाकटी : तुला सगळ्यांची येते. माझी येत नाही. तू गेल्यावर या खोलीत मी भांडू कुणाशी?

थोरली : गिऱ्हाइकांशी. आत्ता भांडलीस तशी. अगदी छान जमतं तुला.

धाकटी : झालं. घ्या तुमची शाल.

हिवाई : सुंदर आहे. भोक कुठे होतं तेही दिसत नाही.

थोरली : थांबा. आधी इकडे आणा. आमच्याकडे काम बोट फिरवल्याशिवाय दाराबाहेर जात नाही.

धाकटी : ताई, तू दमली आहेस. राहू दे.

थोरली : आण म्हणते ना. हं. विणीत वीण बसली आहे. उभा धागा बरोबर, आडवा बरोबर. आणि हे इथे काय आहे?

धाकटी : कुठे काय?

थोरली : इथे. धागा भोकाच्या कडेलाच थांबवलास. शाबूत कापडात आत नेला नाहीस. पहिल्या ओढीला सगळं सुटेल. हे काम वाईट नाही, चिमणे. हे काम चांगलं असल्याचं सोंग आहे. तुझ्या हातून चुकून असं होणार नाही.

हिवाई : मला कळलं नसतं.

थोरली : तुम्हाला नसतं कळलं. हिला ठाऊक होतं की तुम्हाला कळणार नाही.

धाकटी : हो! ठाऊक होतं! सुटू दे की. ती पुन्हा येईल, मी पुन्हा असंच शिवीन, ती पुन्हा येईल. काय बिघडलं? मला तेवढंच हवं आहे.

थोरली : आणि मला?

धाकटी : तुला काय?

थोरली : शाल माझ्यावर पडेल आणि मधेच सुटेल. अर्धी झाकलेली, अर्धी उघडी अशी मी पडून राहीन. दर खेपेला अर्धी. तू दुसऱ्या कुणाचं काम अर्धवट टाकलं असतंस का?

धाकटी : नाही.

थोरली : मग माझंच का गं?

धाकटी : कारण दुसरं कुणी माझं नाही, ताई.

थोरली : ठाऊक आहे मला. म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको आहे. उसव.

धाकटी : ताई…

थोरली : उसव म्हणते. कात्रीने नको, सुईच्या टोकाने. केस तुटता कामा नये. आणि इथे, माझ्या उशाशी बस, म्हणजे मला टाका ऐकू येईल.

हिवाई : मी बाहेर थांबू का?

धाकटी : नाही. बसा. चौकटीची ती बाजू धरा, हलते आहे. एवढ्या जोरात नाही हो! कापड आहे ते, घोडा नव्हे.

हिवाई : असं?

धाकटी : असं. हं, आता बरं. ताई, इथून आत नेऊ?

थोरली : अजून थोडा आत.

धाकटी : इथवर?

थोरली : अजून. जिथे कापडाला फाटल्याची खबरही नाही, तिथवर जा. हां. आता परत फिर. ओढू नकोस, धाग्याला त्याच्या मनाने बसू दे.

धाकटी : तुझं बोट ठेव ना इथे. मला नीट दिसत नाही. डोळे भरलेत.

थोरली : ठेवलं. शीव. घाई नको. या संध्याकाळीला कुठे जायचं आहे?

धाकटी : ताई, हा शेवटचा टाका.

थोरली : मग तो सगळ्यात चांगला घाल.

धाकटी : घातला.

थोरली : बघू. हं. आईला दाखवण्याजोगा आहे. बाई, तुम्ही ओढून बघा.

हिवाई : ओढली. सुटत नाही.

थोरली : मग आता वेळ काढू नका. आणि चिमणे, ती कात्री पेटीत ठेव. उघडी टाकतेस नेहमी, कुणाच्या तरी पायात…

धाकटी : ठेवते गं. ठेवली बघ. ताई? वरची दोघं गप्प झाली. ऐकलंस? बासरीही थांबली. ताई, बर्फ पडायला लागला बघ खिडकीत.

हिवाई : त्या पुढे काहीतरी बोलणार होत्या.

धाकटी : ती नेहमीच पुढे काहीतरी बोलणार असते.

हिवाई : मी शाल वरपर्यंत घेतली आहे. पुरते आहे.

धाकटी : पायांवरून नीट दुमडून घ्या हं. तिला पायांना गारठा सोसत नाही.