चतुराच्या पंखाचा कंदील

(जपानमधल्या गिफू शहरातलं कंदील करणाऱ्यांचं घर. उन्हं उतरायला लागली आहेत.)

मिझुए: बाबा, ओढू नका! कागद ताणला जातोय.

शिगेझो: ओढत नाहीये. साच्याची फळी हलते का ते बघतोय. नाही हलत.

मिझुए: बाकीच्या सगळ्या निघाल्या ना? मग ही एकच का अडून बसावी?

शिगेझो: मला विचारतेस? कंदील कुणी केला?

तोमिए: काय हे दादा, दाराबाहेरपर्यंत ऐकू येतंय! वहिनी वारल्यानंतर आज पहिल्यांदा घरी येणार, आणि तुमची बापलेकींची ही जुंपलेली... अगं बाई! अजून साचा आतच आहे?

मिझुए: आत्या, एक फळी आतून चिकटलीय.

तोमिए: चिकटली? तुझ्या हातून?

शिगेझो: हिच्याच. फळीच्या खाचेत बांबूची कामटी बसवायची, कामटीवर खळ, खळीवर कागद. फळीला खळ लागू द्यायची नाही. वाळलं की फळ्या एकेक करून कंदिलाच्या तोंडातून काढायच्या. शाळेत जायच्या आधीपासून करतेय ही हे.

मिझुए: पण मला जाळी हवी होती ना! चतुराच्या पंखात लांब शिरा असतात आणि मधे बारीक बारीक घरं असतात, तशी. शिरा म्हणजे कामट्या. घरं मी कागदाच्या पिळाची केली. तो पीळ फळीवरून गेला, आणि खळ खाली झिरपली असणार. हवा अशी दमट, वरून मी घाई केली.

तोमिए: अगं, पण पितर घरी येतात त्या ओबोनला पहिल्या वर्षी लावायचा कंदील कोरा पांढरा असतो. त्यावर नक्षी चालते का?

मिझुए: कोराच आहे. रंगाचा थेंब नाही त्यावर. दिवा लागला तरच जाळी दिसेल. आईने जन्मभर लोकांच्या कंदिलांवर चतुर रंगवले, आत्या. तिच्या स्वतःच्या कंदिलावर काहीच नको?

तोमिए: ते खरं आहे गं बाई. लहानपणी तुला एक चतुर पकडू द्यायची नाही ती ह्या दिवसांत. कुणाचं तरी गेलेलं माणूस त्याच्या पाठीवर बसून आलं असेल म्हणायची.

शिगेझो: जाळीमुळे त्याची घडी होत नाही, ते सांग की आत्याला. ह्या घरातून घडी न होणारा कंदील आजवर बाहेर पडलेला नाही.

मिझुए: घडी कशाला हवीय, बाबा? ओबोन संपला की सोळा तारखेला जाळायचाच आहे.

तोमिए: मिझुए!

मिझुए: खोटं बोलतेय का मी? पहिल्या वर्षाचा कंदील कोण जपून ठेवतं? ती परत जाणार, आणि कंदील जळणार. बाबांना तेच नकोय. महिनाभर घडी, घडी करतायत.

शिगेझो: कोमट पाणी आण. वाटीभर. आणि आईचा तो मऊ कुंचला.

मिझुए: पाण्याने खळ सुटेल, पण कागदही सुटेल.

शिगेझो: आण म्हणतो ना.

तोमिए: दादा, रागावणार नसशील तर एक सांगू?

शिगेझो: रागावेन. सांग.

तोमिए: मी एक कंदील आणलाय. पिशवीत आहे. दुकानातला.

शिगेझो: कंदीलवाल्याच्या दारात विकतचा कंदील!

तोमिए: मग काय करू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहिलं वर्ष आहे तिचं, वाट सवयीची नाही. कंदील दिसला नाही आणि पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहिली म्हणजे? तसंही वहिनीला दिशांचं ज्ञान कधीच नव्हतं. नदीवर जायला निघायची आणि देवळात पोचायची.

मिझुए: हे घ्या पाणी. आत्या, तू हसवू नकोस, पाणी सांडेल.

शिगेझो: कंदील धर. बोटांनी नाही, तळव्यांनी. असा. आता हलू नकोस.

मिझुए: कागद पिवळट दिसतोय.

शिगेझो: ओला आहे म्हणून.

मिझुए: बाबा, तो खाली आला! ही बाजू पोटासारखी सुटली!

शिगेझो: दिसतंय मला. बास, पाणी बंद. तोमिए, पंखा घाल. जोरात नको, जेवणावरच्या माशा हाकलल्यासारखा घाल.

तोमिए: शेजारच्यांनी पितरांना वाट दिसावी म्हणून दारात काड्या पेटवल्यासुद्धा, दादा. धूर येतोय.

मिझुए: माझंच चुकलं. नेहमीसारखा साधा केला असता तर आत्तापर्यंत दारात लागला असता. आई अंधारात भटकणार माझ्या हट्टापायी. बाबा, फाडा तो कागद. साचा वाचवा निदान.

शिगेझो: गप्प बस जरा.

मिझुए: आजोबांनी कोरलेला साचा आहे! ह्या घाटाचा दुसरा नाही आपल्याकडे. एक फळी गेली की सगळाच गेला. आत्या, काढ तुझा तो विकतचा.

तोमिए: काढू का, दादा?

शिगेझो: लांब नाकाची पक्कड कुठंय?

मिझुए: पक्कड कशाला? बाबा... नाही, बाबा!

शिगेझो: धर म्हटलं ना नीट.

तोमिए: काय मोडलं? दादा, काय मोडलं रे?

शिगेझो: फळी. लाकूड उभ्या रेषेत फाटतं, कागदाला धक्का लागत नाही. हा घे एक तुकडा. हा दुसरा. हात पुढे कर, तोमिए, जमिनीवर टाकू नकोस. बाबांच्या हातचं आहे.

तोमिए: बाबांनी पाहिलं असतं तर तुझी पाठ सोलली असती.

शिगेझो: आज तेही येतायतच. सोलू देत.

मिझुए: निघाली? सगळी निघाली?

शिगेझो: जवळजवळ. लाकडाचा एक कपचा राहिलाय, वरच्या अंगाला. कागदात पार रुतलाय. त्याला हात लावला तर भोक पडेल.

मिझुए: म्हणजे दिवा लावला की तिथे काळं दिसणार.

शिगेझो: दिसू दे. तोमिए, दिवा लाव. मिझुए, तू दारातल्या आकड्याला अडकव. हळू. वारा आहे.

तोमिए: कागद अजून ओलसर आहे रे.

शिगेझो: दिव्याच्या उबेने ताणून बसेल. लाव.

मिझुए: ...बाबा.

तोमिए: आई गं! घरं दिसतायत गं, एकूण एक. अगदी पंखच. आणि हा वरचा डाग...

मिझुए: नका बोलू त्याबद्दल. दाराशी आलं की पहिला तोच डोळ्यात भरतोय.

शिगेझो: चतुर नीट पाहिलायस का कधी?

मिझुए: महिनाभर तेच तर करतेय.

शिगेझो: मग पंखाच्या टोकाशी काय असतं?

मिझुए: टोकाशी... एक घर भरलेलं असतं. काळं. ते मी सोडून दिलं होतं, काळा रंग चालणार नाही म्हणून.

शिगेझो: तुझी आई ते सगळ्यांत शेवटी भरायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं असलं तरी भरल्याशिवाय कंदील हातात द्यायची नाही. मी ओरडायचो तिच्यावर.

तोमिए: आणि ती हसायची. ऐकलंय मी.

मिझुए: बाबा, सोळा तारखेला...

शिगेझो: तू पेटव. माझ्याच्याने व्हायचं नाही ते.

मिझुए: बरं.

तोमिए: आणि मी आणलेला हा?

शिगेझो: परत पिशवीत घाल, आणि दारातून बाजूला सरका दोघी. तिला रस्त्यावरून दिसायला हवा.