तबकडीवर न छापलेलं नाव

—नाही, तिथं नको बसू, ती माझ्या बहिणीची, इफीची खुर्ची आहे, इकडं बस. खिडकीपाशी मी बसतो, मला रस्ता दिसायला हवा. चहा मागू नकोस, माझ्या हातचा चहा कुत्रापण पीत नाही, चहा बहीणच करते, आणि ती चर्चच्या हॉलमध्ये सँडविचं कापतेय. तुझ्या बापासाठीच. उद्या डूगलला पुरलं की अख्खं केप ब्रेटन जेवायला येणार. जिवंत होता, टोरांटोत होता, तेव्हा गेलं होतं का कुणी? टीव्हीवर बघायचे. दर शनिवारी तो चौकटीचा कोट, आणि फिडल वाजवताना हसणं — आमच्या इथं वाजवताना कुणी हसत नाही पोरी, वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायाकडं बघतो. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या लेकीला असं बोलू नये म्हणतात. मग यायचं नाही लेकीनं.

दाखव तो कागद. नको, तूच वाच, मला अक्षरं लागत नाहीत. 'धून रचणाऱ्याचं नाव — लॉकलन मॅकलेलन.' या किनाऱ्यावर चार लॉकलन मॅकलेलन आहेत, त्यातला एक टायर विकतो. मला लॉकी जॉन रोरी म्हणतात, बापाचं नाव, आज्याचं नाव, तेव्हा कुठं कळतं कोण तो. बरं, कंपनी जुनी तबकडी नव्यानं काढतेय, ते समजलं मला. आणि डूगल दवाखान्यात तुला म्हणाला की लॉकीकडं जा. काय म्हणाला नक्की? 'त्याचं नाव घाल' म्हणाला, का 'कुणाचं नाव घालायचं ते त्याला विचार' म्हणाला? नीट आठव, घाई नको — म्हणजे घाई आहे, चारला इफी येईल, पण हे नीट आठव.

विचार म्हणाला. असं का. मग माझं नाव तू घातलंस, गावात सगळे सांगतात म्हणून.

सांगतातच. कुठल्याही स्वयंपाकघरात जाऊन विचार, ती रील, ती नाचाची धून कुणाची, सांगतील लॉकी जॉन रोरीची, डूगलनं ढापली आणि तबकडीवर 'पारंपरिक' छापून मोकळा झाला. पारंपरिक म्हणजे मेलेल्यांची. मी काय मेलो होतो? साठ वर्षं मी हे सांगत आलोय, तुझ्या बापाला आठ वर्षं हॅलो म्हटलं नाही मी, सुट्टीत गावी आला आणि चर्चमध्ये डावीकडं बसला की मी उजवीकडं. इथं काही लिहून ठेवत नाही कुणी, तुला माहीतच आहे. कानानं शिकायचं. ज्यानं चारचौघांत पहिल्यांदा वाजवली त्याच्या नावावर धून चढते, आणि ती मी वाजवली पहिल्यांदा, चर्चच्या पिकनिकला, भर दुपारी, तीनशे माणसं होती. विचार कुणालाही. आहेत अजून सहा-सातजण.

त्या पिकनिकला तो टोरांटोचा रेडिओवाला आला होता. पांढरे बूट घालून, चिखलात. त्याला मी हवा होतो, डूगल नाही — हे तुझ्या बापानं सांगितलं का कधी? सांगितलं? ... बरं. सांगितलं असेल. मला हवा होता तो, ती रील ऐकून. म्हणाला, अशा आणखी दहा-बारा बनव आणि शरदात ये, आम्ही छापू. मी म्हटलं शेवंडीचा हंगाम आहे, बोट कोण बघणार. शरदात कसला हंगाम? जुलैत सापळे वर काढतात, हंगाम संपतो. त्या माणसाला ते माहीत नव्हतं, डूगलला माहीत होतं. माझ्या जागी तो गेला.

गाडी आली का? नाही, ती दुधाची.

कशाला बघतेस अशी? बनवल्या असत्या की. बसलो होतो मी, सगळा उन्हाळा बसलो होतो, फिडल मांडीवर घेऊन, कोठीत, दार लावून — एक नाही आली. यायची कुठून. मी बोटीवर असायचो ना, पहाटे चारला जायचो, फिडल घरीच असायची खिळ्यावर. आईला पोरीच्या हनुवटीखाली फिडल चालायची नाही. पोरींनी पियानोवर बसायचं, मागं, ठोका द्यायला. आणि आई दुपारी कोंबड्यांकडं गेली की — मी परत यायचो तेव्हा खालच्या दोन तारा एक सूर वर चढवलेल्या असायच्या. दर वेळी. मी परत उतरवून ठेवायचो. एकदा लवकर आलो आणि ओसरीत उभा राहून ऐकलं, दोनदा ऐकलं, तेवढं पुरतं आपल्या माणसाला. पुढच्या रविवारी पिकनिक होती.

इफी पियानोवर होती त्या दिवशी. माझ्या मागंच. मी सुरुवात केली आणि तिनं पहिल्याच फेरीला बरोबर सूर धरले, एकदाही चुकली नाही. लोक म्हणाले, बघा भाऊ-बहीण, कसं जुळतं. मला वाटलं घरी गेल्यावर बोलेल. बटाटे सोलत बसली.

डूगलनं ओळखलं. आयुष्यात मी दुसऱ्या कुठल्या धुनेसाठी तारा चढवल्या नव्हत्या, फक्त या रीलसाठी चढवल्या, ते फिडलवाल्याला दिसतं. तबकडी निघायची होती तेव्हा टोरांटोहून फोन केला त्यानं. म्हणाला, 'लॉकी, नाव कुणाचं छापू?' मी म्हटलं माझं. तो म्हणाला, 'खोटं नाव छापत नाही मी, आणि खरं तू सांगितल्याशिवाय छापणार नाही.' आणि छापलं पारंपरिक. आता याला चोर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? म्हणजे मी म्हणालो. म्हणत राहिलो. आणि इफी नवरा वारल्यापासून इथंच आहे, ज्याच्या-त्याच्यासमोर मी हे म्हणायचो तेव्हा ती कपात चहा ओतायची. काठोकाठ. सांडायची नाही थेंबभर.

पेन दे. माझं नाव तू खोड, माझ्या बोटांना रेघ सरळ येत नाही. आता इथं — इफी. पुढं जॉन रोरी लाव, तीही त्याच बापाची. कंपनीला कळू दे नाहीतर न कळू दे. सही कुठं? इथं? ही झाली. वेडीवाकडी आहे, चालेल.

आली बघ. निळी गाडी, वळणावर. अजून स्वतः चालवते, ऐंशीची झाली तरी. ऊठ, मागच्या दारानं जा, कागद कोटात घाल, घडी घाल आधी. उद्या तिनं विचारलं तर तुझ्या बापानंच लिहून ठेवलं होतं म्हण. त्याच्यावर बसेल विश्वास तिचा. मी? मी काय सांगणार तिला. साठ वर्षांत तोंड उघडलं नाही, आता ती दारात पाय पुसेपर्यंत काय सांगू. जा म्हटलं ना. जा.