बॅटरी पाचपर्यंत

बेटावर जाणाऱ्या होडीच्या रांगेत माझ्यापुढे तिथला वायरमन खोकं घेऊन उभा होता. एक बाई घाईघाईने त्याच्याजवळ आल्या.

"भाऊ, वीज टिकेल ना? सासूबाई बेटावरच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत."

"तीन दिवस आभाळ भरलंय वहिनी, सोलर नावापुरतं. वाराही पडलाय, पवनचक्क्या ढिम्म. सगळा भार बॅटरीवर."

"आणि जनरेटर?"

"त्याचा पंप गेलाय. नवा घेऊनच निघालोय."

"बॅटरी किती पुरेल?"

"पाचपर्यंत."

"होडी तर सहाला पोचते!"

"तोच तर एक तास कमी पडतोय."

"मग बाकीचं बंद करा ना!"

"घरं केव्हाच बंद केलीत. आता दवाखाना आणि बर्फाचा कारखाना, एवढंच चालू आहे."

"बर्फ महत्त्वाचा आहे का हो?"

"आठवड्याची मासळी आहे तिथे, वहिनी."

"अहो, पण..."

"थांबा, तिथल्या पोराला फोन लावतो. हॅलो? मी बोलतोय. कारखान्याची लाइन बंद कर. हो, आत्ताच. अण्णाला तू काही सांगू नकोस, मी सांगतो."

"अण्णा कोण?"

"थोरला भाऊ. कारखाना त्याचाच."

"...आता पुरेल?"

"सातपर्यंत आरामात."

"भाऊ, ते रागावतील हो."

"हे खोकं जरा धरता? त्याला फोन लावतो."