बदली इसमाचा रकाना

हॅलो? … व्हय, सोलापूर. शुक्रवार पेठ, अण्णाराव मालकांची लोकरीची पेढी. … मीच की, बिरप्पा. मडिवाळ, माझा विमा मंजूर झाला रे!

… न्हाय, न्हाय. काय बोललो न्हाय. खोकला आला. लोकरीचा भुसा लई उडतोय हितं. … तू बोल. मुंबईवरनं ट्रंक कॉल तू लावलास, पहिलं तू बोल.

… व्हय, तार मिळाली की. काल दुपारी. ‘विमा नामंजूर. निघू नकोस.’ चार शब्द. … लई वाईट झालं, व्हय. लंडनच्या प्रदर्शनवाल्यांचा नेमच हाय, विमा न्हाय तर बोट न्हाय. … तू रडलास? … किती वेळ? … न्हाय, आपलं इचारून ठेवलं.

… पण नामंजूर का झाला रे? तू एजंट, तुला ठाऊक असंल. … डॉक्टरनं? काय निघालं माझ्यात?

… मडिवाळ, त्या डॉक्टरनं मला एकच इचारलं. घरात कोण पाण्यात बुडून मेलंय का? मी म्हणलं, सायेब, आमच्याकडं बुडायला पाणी कुटं हाय? आमच्यातला माणूस कोरडाच जातोय. तवा हसला आन् माझ्याम्होरं शिक्का मारला. … दुसरा शिक्का? बोटीच्या कंपनीचा न्हाय मिळाला? … हळू बोल. आन् कानडीत शिरू नको. खोटं बोलायचं झालं की तू कानडीत शिरतोस, बोर्डिंगात व्हतो तवापासनं.

… तुला खोटारडा कोण म्हणतंय? मी फकस्त भाषेचं बोललो.

… आये? हाय की. पायरीवर बसलीया. … न्हाय, अजून सांगितलं न्हाय. तिला वाटतंय, बोटच उशिरा हाय. … आये, मडिवाळप्पा बोलतोय! मुंबईवरनं! … ती इचारतीया, जेवलास का? … जेवला म्हणं, आये.

… मोहोळचं नको इचारू. तुझी तार आली दुपारी, आमची वाडी निघाली सकाळीच. चाळीस माणसं, दोन ढोल, परातभर भंडारा. वाडीतला पहिला माणूस दर्यापार चाललाय, बिरोबाचा भंडारा उधळायचा म्हणून समदी मोहोळ टेसनात उभी. सोलापूरची गाडी आली. मी गाडीत न्हाय. पहिल्या वर्गाच्या खिडकीतनं एका गोऱ्या सायबानं डोस्कं बाहेर काढलं. … व्हय. … टोपीपासनं मिशीपातूर पिवळा. भीमामामानं वर हातात नारळ दिला. … घेतला की. थँक्यू म्हणला म्हणं. … न्हाय, कुणाला काय वाटलं न्हाय. विलायतेचं तिकीट काढलं की माणूस असाच गोरा पडत असंल, असं म्हणत म्हातारी माणसं घरी गेली.

… हसून झालं? मग फोन कशाला केलास ते सांग.

… खळ? कसली खळ? … घोंगड्याची? चिंचोक्याची की. तुला म्हाईत हाय, आमच्यात सुट्टीला यायचास तवा बघितलीयास. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, कुटायचे, शिजवायचे आन् घोंगड्यावर चोळायचे. … किती दाट? … तुला कशाला रे, किती दाट? तू विमे विकतोस.

… सहज? ट्रंक कॉल लावून सहज?

… मागावर बसल्यावर पाय कुटं सोडायचे, हेबी सहज? … खड्ड्यात सोडायचे. आमच्या मागाला खड्डा लागतोय. … हां, लंडनच्या त्या हॉलात लाकडाची जमीन हाय, ठाऊक हाय मला. तितं खड्डा कसा करायचा ते मी सायबाला सांगणार व्हतो. मी. लोकांम्होरं बसून घोंगडं विणून दाखवायला निवडलेला माणूस, मी.

… मडिवाळ, मागं भोंगा कसला वाजला?

… गिरणीचा? अरे, मी सोलापुरात ऱ्हातोय. मला गिरणीचा भोंगा शिकवतोस? … तू गोदीतनं बोलतोयस.

… बोल की.

… बोल.

… माझ्या जागी तूच चाललास.

… आता ऐक. मगाशी मला खोकला आला न्हवता. विम्याचा कागद माझ्या हातात हाय. आज सकाळच्या टपालानं आला. मंजूर. शिक्का गेल्या मंगळवारचा. आन् तुझी तार कालची. … कुणी म्हंजे? तुझ्याच हापिसानं पाठवला. तुझा कारकून लई टापटिपीचा हाय, त्याला काढू नको.

… कुटला रकाना? … ‘बदली इसम.’ … व्हय, सही माझी. अक्षरबी माझं. तुझं नाव मीच लिवलं, तू न्हाय लिवलंस. कबूल. पण मडिवाळ, आमच्यात मेंढरं सोडून कोण परगावी निघाला की बदलीचं नाव सांगून निघतोय. मेंढरं कोण राखंल, आयेला घागरभर पाणी कोण आणून दील, त्याचं नाव. ज्यानं आपल्या चुलीपाशी बसून खाल्लंय, त्याचंच नाव देत्यात. मला वाटलं, विमा कंपनी लई भली दिसतीया, मेंढरांचंबी इचारतीया. … व्हय, ‘न गेल्यास त्याच्या जागी बोटीने जाणारा’ असं खाली बारीक छापलंय. आज वाचलं. … आन् मला काय वाटलं ते तुला तवाच कळलं व्हतं. शेजारी बसून टाक पुसत व्हतास. मी म्हणलं, मडिवाळ, मेंढरं साठ हाईत बरं का. तू म्हणलास, असू देत, बिरप्पा, मी हाय की.

… मग हाईस ना? साठ मेंढरं हाईत. बोटीवर घेतोस का?

… चेष्टा कुटं करतोय? मी कागद धरून बोलतोय. विमा माझ्या नावाचा, बोट तुझ्या नावाची. ‘मुंबई बंदरी परत येईपर्यंत लागू.’ आता मी गेलोच न्हाय म्हंजे परतबी येणार न्हाय. म्हंजे हा विमा मरेपातूर चालू. फकस्त मला समुद्रात बुडायला पायजे. हिप्परग्याचं तळं समुद्रात धरत्यात का, तेवढं हापिसात इचारून ठेव.

… तुझा? तुझा विमा काढला न्हायस? … का रे? … वेळच मिळाला न्हाय? मला ढकलायला आठ दिस मिळाले, आन् सोताचा कागद भरायला … भ्या वाटतंय? … बोट हलतीया? अजून दोरानं बांधलीया ना ती? … रडू नको. कालच रडलास की.

… हां, बाई, ऐकलं, तीन मिनिटं झाली. … घे, मडिवाळ, आणखी तीन घे. तुला परवडतंय.

… थांब. आये आत आलीया. … काय न्हाय, आये. तू बस. … अगं, काय न्हाय म्हणतोय ना …

… हॅलो. … व्हय, तिनं समदं ऐकलं. … शिव्या? न्हाय. … ऱ्हाऊ दे. … ऱ्हाऊ दे म्हणतोय न्हवं. … बरं, ऐक मग. ती म्हणतीया, मडिवाळप्पा चाललाय व्हय? मग त्याला म्हणावं, बिरप्पानं म्होरं धाडलेलं नमुन्याचं घोंगडं पेटीत ठिवू नको. अंगावर घे. दर्यावर गार वारं असतंय.

… हॅलो?

… कागद हाय का? लिवून घे. खळ हुलग्याच्या माडग्याएवढी दाट. आये तुला वाटीत वाढायची, तेवढी. त्याच्यापेक्षा पातळ केलीस तर घोंगडं अंग सोडतंय. … तुझ्यासाठी सांगत न्हाय. पेटीतलं सूत सहा महिने बसून आयेनं कातलंय. … खळ लावली की तीन दिस कडक उन्हात टाकायचं. … तितं ऊन न्हाय? मग उन्हाचा विमा काढ. … आन् पहिला दोरा भरताना बिरोबाचं नाव घ्यायचं. माझं घेतलंस तरी … न्हाय, माझं नको घेऊ. माझं नाव तू … हॅलो? … मडिवाळ? … हॅलो!

… बाई, तोडलंत? … त्यानंच ठेवला? … परत लावून द्या की. … बोटीवर गेला म्हणत्यात?

… बरं. मग एक अर्ज लिवून घेता का? … टेलिफोन खात्याचं काम नसंना. तुमी लिवा, वर पाठवा, वरचे आणखी वर पाठवतील. … लिवा. ‘मेहेरबान बंदरसाहेब, मुक्काम मुंबई, यांचे सेवेशी. अर्जदार बिरप्पा, धंदा घोंगडी विणणे, विमा मंजूर, विनंती अर्ज ऐसा जे, आज रोजी सुटणारी आगबोट मोहोळ स्टेशनात दोन मिनिटे उभी करण्यात यावी. अर्जदाराची आई भंडाऱ्याची परात घेऊन हजर राहील. सदर दोन मिनिटांत बदली इसमाने फलाटावर उतरून अर्जदाराच्या तोंडाकडे एक वेळ बघावे, व परत बोटीत बसावे. येणेप्रमाणे हुकूम व्हावा.’