मेश्राम सरांचं एक कार्ड

मंडळी, वहिनी, प्राचार्य साहेब, आणि इंदोऱ्याहून आलेली सरांची सगळी माणसं.

वंदना झाली. तिघं-चौघं चांगलं बोलून गेले. आता मला उठवलंय. मी सुधाकर हेडाऊ. कॉलेजात कार्ड पंच करतो, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडतो. सरांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. बोलणं हे माझं काम नाही. घरून चार शुद्ध ओळी लिहून आणल्या होत्या, त्या खिशातच राहू देतो. सर असते तर म्हणाले असते, "काहून गा सुधाकर, एवढं शुद्ध काहून बोलून राहिला? कोणी मेलं काय?"

हो सर. मेलं.

बारा दिवस झाले. कॉलेजच्या जिन्यात दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. मला अजून तो जिना चढवत नाही. मी मागच्या दारानं जातो.

सर गणित शिकवायचे, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण सहा-सात वर्षांपूर्वी ते एका वेगळ्याच कामाच्या मागे लागले होते. मशीनला आपण प्रोग्राम देतो. तो नियमात बसतो की नाही, हे तपासायला आणखी एक प्रोग्राम लागतो. तो लिहिता लिहिता चांगल्या माणसाचं वर्ष जातं. सर म्हणायचे, माणसानं तो लिहावाच काहून? प्रोग्रामच्या भाषेचे नियम मशीनले देऊन टाकू. तपासणारा ते स्वतः तयार करन.

मी विचारलं, "सर, मशीनले तर वाचताच येत नाही. नियम ते ठेवन कुठं?"

त्यांनी मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. एका जुन्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं घरं आखली. "हे पाय. नियमातल्या प्रत्येक नावाले एक नंबर. नावं गेली, नंबर राहिले. आता सगळे नियम एकाच लांब रांगेत उभे करायचे, एकामागं एक, मधी भिंत नाही. मंग कळन कसं, कोणता कुठं संपला? म्हणून हा दुसरा तक्ता. कोणता नियम कोणत्या घरापासून सुरू होते अन् किती घरं घेते. बस. एवढंच."

"अन् ज्या नियमात काहीच नसन तो?" मी आपलं थट्टेनं विचारलं.

सर एकदम खूश झाले. मला आठवतं, त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "असते ना गा! नावापुढं काहीच नाही, असा नियम असते. त्याची लांबी शून्य. रांगेत त्याले जागा नाही, पण तक्त्यात त्याची नोंद पाहिजेच. ती नसली, तर पुढचं सगळं चुकलं."

हे मला त्यांनी सांगितलं होतं, मंडळी. मी ऐकलं होतं. मान डोलावली होती.

त्यांच्या भाषेचे नियम चोपन्न. सदतिसावा रिकामा. नियमांची कार्डं, एका नियमाला एक, सरांनी एका दुपारी स्वतः बसून पंच केली आणि डबा माझ्या हवाली केला. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

आपल्याकडे तेव्हाही कॉम्प्युटर नव्हता, आजही नाही. दुसऱ्या एका संस्थेत जायचं. खिडकीवर डबा द्यायचा, दुसऱ्या दिवशी छापलेला कागद घ्यायचा. कार्डांमध्ये एखादं कोरं आलं की खिडकीवरचा माणूस अख्खा डबा परत करायचा, आणि पुढची पाळी आठ दिवसांनी. म्हणून आम्हा सगळ्या पंच करणाऱ्यांना एक सवय होती. डबा देण्याआधी कार्डं अंगठ्यावरून फिरवायची, कोरं दिसेल ते खेचून काढायचं. नजर एवढी बसलेली की विचार करावा लागायचा नाही.

त्या दिवशीही मी एक खेचून काढलं. डावीकडे कोपऱ्यात थोडी भोकं, बाकी कोरं. बिघडलेलं दिसतं, म्हणालो. आणि कोरं कार्ड आम्ही काही फेकत नव्हतो. पाठीवर उमरेडच्या एसटीच्या वेळा लिहिल्या आणि खिशात टाकलं. शनिवारी घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद आला. सदतिसाव्याच्या जागी लांबी शून्य हवी होती. तिथं तीन. अडतिसावा येऊन सदतिसाव्याच्या जागेवर बसला होता, आणि पुढचे सगळे एकेक जागा मागे सरकले होते.

सरांनी कागदावरच्या ओळी बोटानं मोजल्या. म्हणाले, "माझा प्रोग्राम रिकामा नियम गिळून राहिला." मग मला विचारलं, "कार्डं मोजली का गा?"

मोजली होती मी. खोटं बोललो नाही. "मोजली सर. बरोबर चोपन्न."

चोपन्नच होती. पण नियम चोपन्न असले तर कार्डं पंचावन्न हवीत. शेवटचं कार्ड नियमाचं नसतं. नियम संपले, एवढंच ते सांगतं. मी ते धरून मोजलं. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि चूक स्वतःच्या डोक्यात शोधायला लागले.

किती शोधली! तक्ता मोडून पुन्हा मांडला. रांग टाकून साखळी केली, प्रत्येक घरात पुढच्या घराचा नंबर. तीच चूक. तिसऱ्यांदा सगळंच नव्यानं लिहिलं. मी ते नवं पंच करायचो आणि नियमांचा तोच डबा सोबत जोडून द्यायचो. तीच चूक. तुम्हीच सांगा, जे कार्ड डब्यातच नाही ते कोणत्या तक्त्यात सापडणार होतं?

आठ महिन्यांनी सरांनी मशीनची वेळ वाटून देणाऱ्या कॉलेजच्या समितीला लिहून दिलं. माझ्या तक्त्याच्या रचनेत दोष आहे, मशीनची वेळ दुसऱ्या कोणाला द्यावी. स्टाफरूममध्ये लोक काय काय बोलले, ते वहिनींसमोर मी उच्चारणार नाही. बोलणारे दोघं-तिघं इथं बसले आहेत. त्यांनाही मी काय म्हणू? त्यांना बोलायला मीच जागा करून दिली.

सर त्यानंतर कधी बाकावर बसले नाहीत. कार्डाच्या पाठीवर घरं आखताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

दोन वर्षं गेली. उमरेडला आईच्या घरी दाढी करत होतो. आरशामागे काहीतरी खोचलेलं होतं. ओढलं, तर एसटीच्या वेळा. माझंच अक्षर. उलटवलं. वरच्या काठावर, त्या थोड्या भोकांच्या डोक्यावर, एक नाव छापलेलं, पुढे बाण, आणि त्याच्यापुढे काही नाही.

अर्ध्या गालावर साबण तसाच. आई विचारत होती, "काय झालं रे?"

सोमवारी कपाट उघडलं. मोजलं. पुन्हा मोजलं. त्रेपन्न आणि एक.

मी सांगायला गेलो होतो, वहिनी. तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच चहा दिला होता. कार्ड माझ्या खिशात होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर आपणहून म्हणाले, "एक बरं झालं गा, डबा तुयाकडं होता. दुसरा कोणी असता, तर मले जन्मभर वाटत राह्यलं असतं का कार्डातच गडबड हाय. मंग मी सोताले फसवत बसलो असतो."

चहा प्यालो. सायकल काढली. निघालो.

त्याला चार वर्षं झाली. रोज सर भेटायचे. रोज विचारायचे, "पोरगी कशी हाय?" मी म्हणायचो, "बरी आहे सर." तेव्हापासून मी काहीही मोजलं की पुन्हा पुन्हा मोजत बसतो. किती ताटं वाढायची, हे बायको मला विचारत नाही. कपाटापाशी कार्डं मोजताना कोणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. वळून बघतो. कोणी नसतं. आणि आता खरंच कोणी नाही.

सर गेल्याच्या चौथ्या दिवशी मी ते कार्ड नव्यानं पंच केलं. सदतिसाव्या जागी ठेवलं. सरांचा पहिला प्रोग्राम, तो रांगेचा, त्यालाच डबा जोडला आणि खिडकीवर दिला. यात सरांच्या प्रोग्रामचं एक अक्षर मी बदललं नाही.

पाळी लागायला आठवडा गेला, काल कागद आला. हा बघा. सदतीस, लांबी शून्य. पुढचे सगळे आपापल्या जागी. तपासणारा तयार झाला. तपासायला दहा प्रोग्राम सोबतच जोडले होते, दहाही त्यानं बरोबर तपासले.

पहिल्याच दिवशी चालला असता, मंडळी. पहिल्याच दिवशी.

प्राचार्य साहेब, समितीच्या फायलीत सरांच्या सहीचं ते पत्र आहे. ते खरं नाही. ज्या माणसाला खोटं लिहिता येत नव्हतं, त्याच्याकडून मी ते लिहवून घेतलं. माझं निवेदन आणलंय. त्याच फायलीत, त्या पत्राच्या वर लावा. नोकरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही.

वहिनी, हा कागद तुमचा आहे. घ्यावासा वाटला तर घ्या. मला माफ करा असं मी म्हणत नाही. ज्यांना म्हणायचं होतं, ते समोर चहा घेत बसले होते तेव्हा म्हणालो नाही.

मेश्राम सर, तुमचा तक्ता बरोबर होता. चूक माझी होती.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. गप्प राहणं मला चांगलं जमतं, मंडळी. चार वर्षं मी स्वतःसाठी गप्प राहिलो. ही दोन मिनिटं सरांसाठी.