एकमेकांना त्रास नको म्हणून

दवाखान्यातल्या बाकावर एक तरुण आई बाळाला थोपटत बसली होती. शेजारच्या वयस्कर जोडप्याला वाटत होतं, आपण हळू बोलतोय.

"अहो, दोन्ही विमानं भरलीत. आता बदलून मिळणार नाही म्हणाले."

"म्हणजे तू सकाळी आणि मी संध्याकाळी?"

"वेळ बदलल्याचा मेसेज आला, सकाळचं हवं की संध्याकाळचं विचारलं, तर तुम्हाला जागरणाचा त्रास नको म्हणून मी गुपचूप सकाळचं घेतलं. वाटलं, दोघांचंही बदलेल. काय ही माझी अक्कल!"

"आणि तुला पहाटे उठायचा त्रास नको म्हणून मी माझ्या फोनवरून संध्याकाळचं. माझीही तुझ्याच वळणावर गेलीय."

"सरकत्या जिन्यावर तुमची बाही धरून चढणारी मी, निघाले विमानात बसायला!"

"मग राहू दे. लेकीकडे मी एकटाच जातो."

"जाऊन काय, तुम्ही बाळंतपण करणार?"

"मग?"

"कळा तिला एकटीलाच सोसायच्यात ना? मग मीही बसेन एकटी. फक्त तो पट्टा कसा लावतात, तेवढं सांगा."

"मला तरी कुठं माहितीय?"